टीव्ही आधीच गरम असायचा

गेल्या महिन्यात पेस्ट कंट्रोलवाला येणार म्हणून माळा रिकामा करायला घेतला. आई खाली खुर्चीत बसून सूचना देत होती, ती ट्रंक काढ, ही नको, हिच्यात काही नाही, राहू दे. आणि जी राहू दे म्हणाली तिच्यातच नेमका तो कपांचा सेट निघाला. १९८४ साली लंडनहून कायमचे परत आलो तेव्हा बोटीच्या सामानातून आलेला, सहा कप सहा बश्या, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला आणि इतका जपलेला की एवढ्या वर्षांत एकाही पाहुण्याला त्यातून चहा मिळाला नाही. प्रत्येक कप वेगळ्या कागदात गुंडाळलेला. कागद पिवळा पडलेला, कडांचा भुगा होत होता, पण शाई अजून ठळक. पहिला कप सोडवला, कागदाचा बोळा करणार तेवढ्यात ‘ग्रँडस्टँड’ हे बीबीसीच्या खेळांच्या कार्यक्रमाचं नाव दिसलं. मग कप बाजूला राहिला आणि मी स्टुलावरच बसून कागद मांडीवर सपाट करायला लागलो. रेडिओ टाइम्सचं, म्हणजे टीव्हीवर काय कधी लागणार ते छापणाऱ्या साप्ताहिकाचं पान होतं, १९७८ च्या सप्टेंबरमधला एक शनिवार.

पानावर खुणा होत्या. निळ्या बॉलपेनचं मोठं गोल बाबांचं, ते मी झोपेतसुद्धा ओळखेन, ड्राफ्ट्समन असल्यामुळे त्यांचं हाताने काढलेलं गोलही कंपासने काढल्यासारखं यायचं. लाल पेन्सिल माझी आणि ताईची, ‘डॉक्टर हू’ला दोनदा गोल, कारण दोघांनीही काढलेलं. हे सगळं अपेक्षितच होतं. पण पानाच्या अगदी वर, मुंगीच्या अक्षरात छापलेल्या ज्या ओळी कोणी वाचायचंच नाही, तिथे साध्या शिसपेन्सिलीने केलेल्या तीन टिकल्या होत्या. मोहरीएवढ्या. पुसटशा. मी चष्मा वर करून पान डोळ्यांपाशी नेलं तेव्हा वाचता आलं, ओपन युनिव्हर्सिटी, गणित, सकाळी सकाळी.

त्या खुणा आमच्यापैकी कोणाच्या असतील हे काही केल्या लक्षात येईना.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना रेडिओ टाइम्सचं महत्त्व कळायचं नाही. त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम असायचे. आयटीव्ही या दुसऱ्या, खाजगी चॅनलचे बघायचे तर टीव्ही टाइम्स नावाचा दुसरा अंक विकत घ्यायचा, कारण दोघांनी आपापल्या कार्यक्रमांचे हक्क घट्ट धरून ठेवले होते, ते पार १९९१ पर्यंत. आमच्याकडे एकच अंक यायचा. दुसरा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे असायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी ताई कुंपणावरून त्यांच्याकडून मागून आणायची, बदल्यात आमचा द्यायची. अंक शनिवारपासून सुरू व्हायचा, शुक्रवारी संपायचा, म्हणजे आठवड्याचं पहिलं पान शनिवार. माझ्या डोक्यात अजूनही आठवडा तसाच सुरू होतो.

आम्ही १९७३ च्या शेवटी लंडनला गेलो. मी आठ वर्षांचा. पुण्यात आमच्या घरी टीव्ही नव्हता, आसपास कोणाच्याच नव्हता, आणि तिथे पोचलो तर नेमका कोळशाचा आणि विजेचा तुटवडा, सरकारने फर्मान काढलेलं की टीव्ही रात्री साडेदहाला बंद. बाबांना वाटलं हीच इकडची पद्धत, फार चांगली शिस्त आहे म्हणाले. पुढे फेब्रुवारीत बंदी उठली तेव्हा त्यांना वाईट वाटलं. उत्तर लंडनमध्ये वुड ग्रीनला भाड्याचं घर, खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. वरच्या खिडकीतून टेकडीवरचा अलेक्झांड्रा पॅलेस दिसायचा, त्याचा तो उंच लोखंडी मनोरा. बीबीसीने १९३६ मध्ये रोजचं टेलिव्हिजन पहिल्यांदा सुरू केलं ते तिथून. हे बाबांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी बरेच दिवस समजत होतो की आमच्या टीव्हीतली माणसं तिकडेच राहतात, रात्री दिवे मालवून झोपतात.

पहिला टीव्ही भाड्याचा होता, मीटरवाला. मागे लोखंडी डबी, तिला फट, पन्नास पेन्स टाकले की टीव्ही चालायचा आणि पैसे संपले की कोणी काहीही करत असो, चित्र आक्रसत आक्रसत मध्ये एक पांढरा ठिपका उरायचा. महिन्याला एक माणूस येऊन डबी उघडायचा, नाणी टेबलावर ओतून दहादहाच्या चळती लावायचा, भाडं कापून वरचे पैसे परत द्यायचा. बाबा प्रत्येक नाणं डायरीत लिहायचे. तारीख, वेळ, पन्नास पेन्स. एका महिन्यात त्यांच्या हिशेबापेक्षा सहा नाणी जास्त निघाली. माणूस खूश, म्हणाला तुमचे पैसे वाढलेच की, पण बाबांचा चेहरा उतरला, कारण सहा नाणी जास्त म्हणजे त्यांच्या माघारी टीव्ही लागतोय. माणूस गेल्यावर आम्हा दोघांना उभं केलं. कोणी लावला? कधी? ताई रडायला लागली, मी आईकडे बघितलं, आई पोळ्या लाटत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. रात्री जेवताना मात्र आम्हाला दोघांना न मागता तूपसाखरेची एकेक पोळी जास्त मिळाली. तेव्हा वाटलं आईला दया आली.

वीकएंड सुरू कधी व्हायचा हे लंडनमध्ये अगदी मिनिटावर सांगता यायचं. शुक्रवारी संध्याकाळी सातला. सोमवार ते शुक्रवार आयटीव्ही चालवायची थेम्स नावाची कंपनी, तिची ती खूण, नदीत लंडनच्या इमारतींचं प्रतिबिंब आणि तुतारी, आणि शुक्रवारी सातच्या ठोक्याला ती कंपनी निघून जायची आणि तेच चॅनल एलडब्ल्यूटी नावाची दुसरी कंपनी हातात घ्यायची, रविवारी रात्रीपर्यंत. काळ्या पडद्यावर तीन रंगांची पट्टी नदीसारखी वळत यायची. आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर ते तीन राखाडी रंग होते, पण शेजारच्या बाईंकडे रंगीत होता तिथे पाहिलं तर केशरी, पांढरी आणि निळी. ताई म्हणाली आपल्या झेंड्यासारखी आहे, हिरवा चुकलाय फक्त. ती पट्टी वळली की मला पोटात हलकं वाटायचं. शाळा संपली, आता दोन दिवस गृहपाठाचं नावही नाही. इतक्या वर्षांनी नुसतं आठवलं तरी तेच हलकं वाटतं, शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असलो तरी.

शनिवारी सकाळी ‘स्वॅप शॉप’. साडेनऊला. नोएल एडमंड्स, त्याचे ते केस, आणि सगळ्या देशातली मुलं फोन करून सांगायची की माझ्याकडे अमुक खेळणं आहे, मला त्याच्याऐवजी तमुक पाहिजे. ०१ ८११ ८०५५. बँकेचा पिन विसरतो, हा नंबर विसरत नाही. आम्ही नऊलाच खाली उतरायचो, गारठ्यात, पायात दोन दोन मोजे घालून, आणि खाली पॅराफिन हीटरचा तो वास, रॉकेलसारखा पण जरा गोडसर, आणि आई आधीच उठलेली. मी आल्याआल्या टीव्हीला टेकून उभा राहायचो. लाकडी खोकं होतं, वरची फळी पाठीला बरोबर लागायची. ती फळी गरम असायची. हीटरपेक्षा छान गरम, आतल्या तापलेल्या धुळीचा वास येणारी. मी थंडीतला मुलगा, मला ऊब मिळाल्याशी मतलब. टीव्ही बंद आहे आणि तरी गरम आहे याचा अर्थ तो नुकताच कोणीतरी बंद केलाय, एवढं साधं गणित मला कधी सुटलं नाही, सुटावं असंही वाटलं नाही.

दुपारी चारला शेजारच्या आजी यायच्या. आजी हे आमचं नाव, त्या आम्हाला ‘लव्ह’ म्हणायच्या. नवरा लढाईत गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. घरी रंगीत टीव्ही असूनसुद्धा शनिवारची कुस्ती बघायला आमच्याकडे, कारण एकटीने ओरडण्यात मजा नाही असं त्यांचं म्हणणं. आयटीव्हीवर ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’मध्ये चारला कुस्ती लागायची आणि सबंध इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या बायका त्यासाठी जीव टाकायच्या. बिग डॅडी, जायंट हेस्टॅक्स, काळेभोर केस चापून बसवलेला मिक मॅकमॅनस, जो दुसऱ्यांना सगळं करायचा आणि स्वतःच्या कानाला कोणी हात लावला की बोंब मारायचा. आजी खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायच्या, हातातली पर्स उगारायच्या, आणि एरवी इतकं मऊ बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून जे शब्द यायचे ते मला शाळेतसुद्धा कोणी शिकवले नव्हते. आई त्यांना चहा द्यायची, आपला, आलं घालून. पहिल्यांदा त्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला होता. वर्षभराने त्या स्वतःच विचारायला लागल्या, आज तिखट चहा नाही का?

पावणेपाचच्या सुमाराला कुस्ती संपायची आणि खोली बाबांची व्हायची. चॅनल बदलायचं, फुटबॉलचे निकाल. टेलिप्रिंटर कटकट कटकट करत एकेक अक्षर उमटवायचा, मग लेन मार्टिनचा आवाज. ते निकाल वाचणं ही एक कलाच होती. पहिल्या टीमचं नाव आणि गोल सांगितले की दुसऱ्या टीमच्या नावावर आवाज चढला की उतरला यावरून आकडा यायच्या आधीच कळायचं, जिंकले, हरले का बरोबरी. बाबांना फुटबॉल अजिबात कळत नव्हतं, पण पूल्सचं, म्हणजे फुटबॉलच्या निकालांवरच्या पैजेचं कूपन ते दर आठवड्याला भरायचे, आठ बरोबरीच्या मॅचेस ओळखायच्या, आणि मार्टिनच्या आवाजाबरोबर त्यांच्या भुवया वरखाली व्हायच्या. कुठे ती स्कॉटलंडमधली गावं, स्टेनहाउसम्युअर, आर्ब्रोथ, कधी पाहिली नाहीत, पाहणारही नाहीत, पण त्यांच्या बरोबरीवर आमचं पुण्याचं घर बांधून व्हायचं होतं. घर बांधलं ते शेवटी पगारातूनच. कूपनावर सगळ्यात जास्त मिळाले ते सव्वादोन पौंड, त्या दिवशी आम्ही चिप्स खाल्ले, भरपूर व्हिनेगर घालून, कागदातून, रस्त्यावर उभं राहून.

मग ‘डॉक्टर हू’ ही मालिका. डॉक्टर झालेला टॉम बेकर, तो लांबच लांब मफलर, आणि सुरुवातीचं ते संगीत जे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मीटरच्या दिवसांत एकदा नेमकं शेवटच्या मिनिटाला, डॉक्टर आता मरतो का राहतो अशा ठिकाणी, चित्र आक्रसून ठिपका झाला. बाबांकडे नाणं नाही. ताईने किंकाळी फोडली. आई स्वयंपाकघरातून आली, ओच्याला हात पुसले आणि मीठाच्या डब्यामागून पन्नास पेन्स काढून दिले. तोवर भाग संपला होता. तिच्याकडे ते नाणं तिथे का होतं, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

त्यानंतर ‘जनरेशन गेम’, आधी ब्रूस फोरसाइथ आणि नंतर लॅरी ग्रेसन. शेवटी जिंकलेल्या माणसासमोरून एक सरकता पट्टा जायचा, त्यावर बक्षिसं, आणि पट्टा संपला की जेवढ्या वस्तू आठवून सांगाल तेवढ्या तुमच्या. लोक बावचळायचे. टोस्टर म्हणायचे आणि थांबायचे, मग प्रेक्षक ओरडायचे ‘कडली टॉय’, कारण मऊ खेळणं दर वेळी असायचंच. आई दारात उभी राहून, हातात उलथणं, सगळ्या वस्तू सांगायची. क्रमाने. मराठीत. “किटली, कंदील, सुटकेस, ती फोंड्यूची भांडी, गोल्फच्या काठ्या, घड्याळ, इस्त्री, टेडी, दुसरी सुटकेस.” एकही चुकायची नाही. आम्ही टाळ्या वाजवायचो, बाबा म्हणायचे अगं तू जायला पाहिजेस, आणि ती म्हणायची, “त्यात काय, मी आठवडाभर पट्ट्यापुढेच उभी असते.” जवळच्या एका मिठाईच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. पट्टा सरकत यायचा, त्यावरून गोळ्यांची पाकिटं, मोजून खोक्यात भरायची, एका खोक्यात एवढी, एका तासात एवढी खोकी. घरी आली की तिच्या बोटांना साखर आणि ज्येष्ठमधाचा वास असायचा. पुण्याला तिने गणित घेऊन बीएस्सी केलं होतं आणि लग्नानंतर तीन वर्षं शाळेत शिकवलं होतं. हे आम्हाला माहीत होतं, जसं आपल्याला आजोबांचं मूळ गाव माहीत असतं तसं. ऐकून.

सगळंच गोड नव्हतं. गोरे गायक तोंडाला काळं फासून नाचतात असा एक कार्यक्रम बीबीसीवर तब्बल वीस वर्षं चालला, १९५८ पासून १९७८ पर्यंत, शनिवारी संध्याकाळी घराघरात कौतुकाने बघितला जायचा. आजीसुद्धा बघायच्या. आणि परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याच्या वर्गावरची ती विनोदी मालिका, ज्यातली आपली माणसं मान हलवत चुकीचं बोलायची. आम्ही हसायचो. खरंच हसायचो, पोट धरून, बाबाही. आणि सोमवारी शाळेत तीच मान, तेच बोलणं, माझ्याभोवती गोल करून. तेव्हा हसू कुठे जायचं कोण जाणे. अजून एक मालिका होती, लढाईच्या काळातल्या देवळालीच्या छावणीवरची, आपल्या नाशिकजवळची देवळाली, आणि तिथला हिंदुस्तानी बेअरर म्हणून एक गोरा नट चेहरा रंगवून. बाबांचे मामा देवळाली कॅम्पात नोकरीला होते. बाबा ती मालिका लागली की उठून अंगणात जायचे, काही न बोलता. इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डुलॅली’ म्हणतात ते देवळालीवरूनच आलंय, हे मला ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, फार नंतर. मला अंगणात उभे असलेले बाबा दिसले.

रविवारी सकाळी मात्र खोली सगळ्यांची. ‘नई जिंदगी नया जीवन’. बर्मिंगहॅमहून यायचा तो कार्यक्रम, हिंदुस्तानीत, महेंद्र कौल नमस्कार करायचे आणि आमच्या घरात सगळे जरा सावरून बसायचे, पाहुणे आल्यासारखे. नोकरीतले हक्क, मुलांची शाळा, कुठला फॉर्म कुठे भरायचा, आणि शेवटी एखादी गझल नाहीतर गाणं. मराठी शब्द कधी कानावर आला नाही, पण तबला यायचा, आणि तबल्याला भाषा लागत नाही असं बाबा म्हणायचे. त्या दिवशीही टीव्ही गरम असायचा. आई आंघोळ करून, वेणी घालून, शाल पांघरून आधीच समोर बसलेली असायची आणि शेजारी मेथीची जुडी, अर्धी निवडून झालेली. आम्हाला वाटायचं हिला हिंदी ऐकायची घाई. अर्धी जुडी निवडायला किती वेळ लागतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता मी स्वतः निवडतो, आता माहीत आहे.

उन्हाळ्यात रविवारी दुपारी बीबीसी टूवर क्रिकेट, चाळीस ओव्हरची लीग. दुकानं बंद, रस्ता ओस, कुठूनतरी भाजलेल्या मटणाचा वास. बोलरांना पंधरा यार्डांपेक्षा लांबून धावत यायची परवानगी नव्हती, कारण मॅच वेळेत संपवायची असायची. लँकेशायर असली की बाबा पुढे सरकून बसायचे. फारूख इंजिनियर! दादरचा माणूस, मँचेस्टरच्या ढगाळ हवेत यष्टीमागे बडबडतोय. लँकेशायरने ही लीग पहिली दोन्ही वर्षं जिंकली होती, १९६९ आणि १९७०, ते आम्ही यायच्या आधी, पण बाबा असं सांगायचे की जणू ते तिथेच पॅव्हेलियनमध्ये होते. १९७६ नंतर फारूख दिसेनासा झाला आणि बाबांचा रविवार थोडा पातळ झाला. (१९८३ ची फायनल शनिवारी झाली, तिच्यावर सगळ्यांनी लिहून झालंय, मी लिहीत नाही.)

रविवारी संध्याकाळ वाईट. साधारण सव्वासहापासून तासभर देवाधर्माची वेळ, दोन्ही मोठ्या चॅनलांवर चर्च. ‘साँग्ज ऑफ प्रेज’, दर आठवड्याला वेगळं गाव, टोप्या घातलेल्या बायका, कोट घातलेले पुरुष, तोंडं मोठी करून गातायत. आई इस्त्री करत ऐकायची, म्हणायची भजनच आहे, टाळ नाहीत एवढंच. तिला त्यातल्या चाली पाठ झाल्या होत्या. आमची आंघोळ, ताईचे ओले केस हीटरपुढे, युनिफॉर्मच्या शर्टाला इस्त्रीचा वाफाळ वास. मग रात्री जहाजांवरची ‘द ओनीडिन लाइन’, सुरुवातीला शिडं फुगवून समुद्र कापत जाणारं जहाज आणि ते पोटात खड्डा पाडणारं संगीत. ते वाजलं की संपलं. उद्या सोमवार. मला समुद्र आवडत नाही असं बायको म्हणते, मी तिला कारण सांगितलेलं नाही.

रंगीत टीव्ही आमच्याकडे १९७७ ला आला, मीटरशिवाय. बाबांनी आधी दोन वर्षं हिशेब केला, कारण १९७५ पासून काळ्यापांढऱ्याचं लायसन्स ८ पौंड आणि रंगीतचं १८. वरचे दहा पौंड नुसत्या रंगाचे, म्हणायचे. तो आल्यावर नाण्यांचा प्रश्न मिटला. कोणी कधी लावला ते कळायला मार्गच उरला नाही.

आणि मग हे आठवलं. स्टुलावर बसल्या बसल्याच, पान मांडीवर असताना.

१९८० चा जुलै, दहा तारीख, गुरुवार. अलेक्झांड्रा पॅलेसला आग लागली. वरच्या खिडकीतून सगळं दिसत होतं, टेकडीवरून धुराचा काळा लोट, मोठमोठी छतं आत कोसळली, आगीच्या बंबांचा आवाज थांबेना. सगळी गल्ली बाहेर येऊन उभी. मी पंधरा वर्षांचा, मला थरार वाटत होता. आई कारखान्यातून आली ती चपला न काढता वर गेली आणि खिडकीशी उभी राहिली. किती वेळ. बाबा आले तर तिने पहिला प्रश्न विचारला, “टीव्हीच्या स्टुडिओचा भाग वाचला का हो?” बाबा म्हणाले, बीबीसी केव्हाच गेली गं तिथून. ती म्हणाली, “सगळी नाही गेली.” बस, एवढंच. मला ते वाक्य विचित्र वाटलं म्हणून लक्षात राहिलं आणि मग कुठेतरी मागे पडून गेलं. आता कळतं की तिचंच बरोबर होतं. ओपन युनिव्हर्सिटीचे कार्यक्रम तिथेच व्हायचे, १९७१ पासून, त्याच मनोऱ्याखाली. तो भाग वाचला, मनोराही वाचला. पुढच्याच वर्षी ते लोक मिल्टन कीन्सला गेले. म्हणजे इतकी वर्षं ती सकाळी खाली बसून ज्या माणसाचं गणित ऐकायची, तो माणूस ते आमच्या वरच्या खिडकीतून दिसणाऱ्या जागी उभा राहून शिकवत होता.

खाली उतरलो. आईला पान दाखवलं. पंच्याऐंशीची आहे, भिंग लावून वाचते, पण वाचते सगळं. तिने आधी बाबांच्या निळ्या गोलावरून बोट फिरवलं. मग वर गेली, टिकल्यांवर थांबली, आणि मला वाटलं होतं तशी दचकली वगैरे काही नाही.

“एम १०१,” म्हणाली. “गणिताचा हा कोर्स नवीन काढला होता त्या वर्षी. आधीचा एम १०० होता तोही मी अर्धा बघितला होता.”

मग बोलत गेली. सुरुवातीला ती छोटीशी तुतारी वाजायची तिची तिला धास्ती, आवाज अगदी शून्याजवळ आणून ठेवायचा आणि तुतारी संपली की किंचित वाढवायचा. दाढीवाले प्राध्यापक, रुंद टाय, कानावर केस. “पण काय शिकवायचे. हातात पुठ्ठ्याचे आकार घेऊन फिरवून दाखवायचे. आम्हाला कॉलेजात नुसता फळा.” वही नव्हती, कारखान्यातून पाकिटांची कोरी लेबलं आणायची, त्यांच्या मागे लिहायची. लेबलं कुठायत विचारलं तर म्हणाली पेटवली शेगडीला, ठेवून काय करायची. मी विचारलं, मग नाव का नाही घातलंस? तिथे तर कसली अट नव्हती, कोणीही जावं, त्यासाठीच तर काढली होती ती युनिव्हर्सिटी. आई थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली फॉर्म आणला होता. फीचं जमवलं असतं. पण त्या कोर्सला उन्हाळ्यात एक आठवडा घर सोडून दुसऱ्या गावी कॉलेजात राहायला जावं लागायचं, सक्तीचं होतं, त्याशिवाय पास नाही. “एक आठवडा. तुम्ही दोघं, हे, डबे. आणि मी एकटी तिकडे इंग्रज पोरांच्यात होस्टेलवर.”

“बाबा नाही म्हणाले?”

“विचारलंच नाही.”

मला बाबांची बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हणालो ते हो म्हणाले असते गं. आई म्हणाली, असतीलही. आणि तिने भिंग खाली ठेवलं. बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी ते हो म्हणताना बघायचा प्रयत्न करतो तेव्हा जमतं, आणि मग डायरीत पन्नास पेन्स लिहिणारे बाबा आठवतात आणि जमत नाही. दोन्ही तेच होते. मग मी मीटरचं काढलं. म्हटलं, ती सहा नाणी, आम्ही दोघं उभे होतो, ताई रडत होती, तू तेव्हा का नाही बोललीस?

“तुम्हाला रागावले ते दोन मिनिटं,” आई म्हणाली. “मला विचारलं असतं तर रोज विचारलं असतं. झालं का बघून, काय शिकलीस, मला सांग. चांगल्या मनानेच विचारलं असतं. पण मग ते माझं राहिलं नसतं.” जरा थांबून, “तूप घातलं होतं ना पोळीवर?”

घातलं होतं म्हटलं.

संध्याकाळी मी फोनवर शोधलं, त्या काळातले एकदोन कार्यक्रम कोणीतरी इंटरनेटवर टाकलेत, दाढी, टाय, सगळं आहे. आईपुढे धरलं. तिने मिनिटभर पाहिलं आणि फोन परत दिला. नंतर बघू म्हणाली. ते नंतर अजून आलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारत नाही, तिच्या त्या वाक्यानंतर मला विचारायचा धीर होत नाही.

पेस्ट कंट्रोल झालं. कप परत ठेवायचे होते. त्यातून एकदा चहा पिऊ या म्हटलं तर नको, पाहुण्यांचे आहेत. पाच कप त्यांच्याच जुन्या कागदांत होते ते तसेच ठेवले, पहिला वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ते पान माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिलं. ट्रंक वर सरकवली. आईने बघितलं नाही असं मला वाटलं, ती तिकडे शेंगा सोलत होती. काल दुपारी जेवताना एकदम म्हणाली, “एका कपाला सकाळ गुंडाळलायस ना रे?”

हो म्हटलं. पान माझ्याकडे आहे.

“असू दे. पण तू शनिवारचं ठेवलंयस.” ताक ढवळत म्हणाली. “रविवारचं चौथ्या कपाला आहे.”

मी स्टूल आणायला उठलो.